दोन ते तीन मशीन बंद

भैरवी त्या दिवशी भांडायलाच गेली होती, प्रेमात पडायला नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक उगाच तिलाच बोल लावतील.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत तिची छोटीशी प्रयोगशाळा होती, आणि भिंतीला भिंत लागून चक्क बर्फाचा कारखाना! कपाशीच्या मुळातल्या एकाच पेशीला केसाहून बारीक काचेची सुई टेकवायची आणि पेशीच्या पटलातून क्षार आत-बाहेर कसे जातात ते मोजायचं, हे तिचं काम. पलीकडचा कंप्रेसर धडधडला की सुई हलायची आणि पेशी फुटायची.

“मालक कोण आहे इथे?”

बर्फाच्या लाद्यांच्या मागून एक तरणाबांड माणूस उठला. भुवयांवर बर्फ झाकायचा लाकडाचा भुसा.

“मीच. श्रीकृष्ण. काहून, काय झालं?”

“तुमच्या मशीनमुळे माझ्या पेशी मरताहेत!”

“बाप रे! पोलिसात तं नाही ना गेल्या तुम्ही?”

भैरवीला हसू आवरेना. झालं, तिथेच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी तो बघायला आला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेचना. “एवढूशा गोलाले दरवाजे हायेत?”

“हजारो.”

“अन् उघडते कोन?”

“तेच तर शोधतेय.”

“सापडलं का मले बी सांगजा,” असं म्हणत त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की बाईंची पुढची सुई आपोआपच हलली.

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते तीन या वेळात कंप्रेसर बंद. ऐन लग्नसराईत! त्याचे वडील वामनराव फणफणायचे, “पोट्टा एका बाईपायी बर्फाचं पानी करून राह्यला!” तीन वाजले की श्रीकृष्ण चहा घेऊन हजर. मॅडमची भैरवी झाली, तुम्हीचं तू झालं.

“हात किती गार आहेत तुझे...”

“मंग धरून ठेव ना. होतील गरम.”

तिने धरले. चहा निवला, कोणाला पर्वा होती!

आठ महिने असेच गेले. मग एका गुरुवारी तो चहा न आणताच आला.

“मले बोरी अरब गावचं स्थळ आलं हाय. बाबा शनिवारी पाच वाजता त्याइले होकार देनार. त्याच्या आधी तू फक्त हो म्हन. घरच्याइचं मी पाहून घेतो.”

हो म्हणायला किती वेळ लागतो? पण आठवडाभर एकही मोजमाप नीट मिळालं नव्हतं. तिचं डोकं त्यात अडकलेलं. “शनिवारी नक्की सांगते,” ती म्हणाली. तिला हो-च म्हणायचं होतं, शपथ!

शनिवारी दोनला कंप्रेसर थांबला, आणि सुई बसली. अशी बसली, की चार वर्षांत बसली नव्हती! एरवी अर्धा तास टिकणारी पेशी तासभर टिकली, मग दोन तास... पडद्यावर एकेक दार उघडत होतं, मिटत होतं. फोन नेहमीसारखा बंद. चारच्या सुमारास दाराच्या काचेपलीकडे तो दिसला. तिने पाहिलं. त्यानेही पाहिलं. तिने नजर पुन्हा पडद्याकडे वळवली — फक्त पाच मिनिटं, असं स्वतःला सांगून.

पाच वाजून दहा मिनिटांनी कंप्रेसर धडधडला. सुई निखळली. तीन तास त्याने मशीन बंद ठेवलं होतं, हे तिला तेव्हा उमगलं.

ती धावतच पलीकडे गेली.

“केला फोन बाबांनी?”

“केला. वैशाखात लग्न.”

“अरे, मी हो म्हणणार होते! दार का नाही वाजवलंस? एकदा, फक्त एकदा टकटक करायचं होतंस!” ती रडत होती, आणि राग सगळा स्वतःवरच होता.

“वाजवलं असतं... तं सुई सोडून उठली असती तू?”

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्याने आठ महिने तिच्यासाठी मशीन बंद ठेवलं, त्याच्याशी खोटं कसं बोलायचं?

“नाही,” भैरवी म्हणाली.

श्रीकृष्णाने मान हलवली.

“तेच आयकाची हिंमत नोती माह्यात,” तो म्हणाला.