साठ डेसिबल

शाळेच्या सभागृहात खुर्च्या एकशे बारा होत्या, त्यांतल्या नऊ मोडक्या. रंगमंचाच्या कडेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सतरा मीटर चाळीस सेंटिमीटर. दहावीतल्या त्या मुलीने हे स्वतः टेप लावून मोजलं होतं, कारण तिचं घोडं अडलं होतं ते याच अंतरावर. प्रयोगशाळेतला आवाजमापक शेवटच्या रांगेत ठेवला, की तिचा आवाज जेमतेम त्रेचाळीस डेसिबल भरायचा.

"अभिनय छान आहे गं," नाट्यशास्त्राचे सर म्हणाले, "पण पहिल्या दोन रांगांपुरता. परीक्षेत साठ आले नाहीत तर विषय बदलावा लागेल."

आई बसस्थानकावर उद्घोषणा करायची. तिने हसण्यावारी नेलं. "माइक बंद पडला तरी माझ्या हाकेवर लोक गाडी पकडतात. तू हाक मारलीस तर मांजर कूस बदलून झोपतं."

पण शिकवलं तिनेच. रोज दुपारी ड्यूटीवरून आली, की मुलीच्या पाठीवर तळहात ठेवून म्हणायची, "इथून काढ. घशातून नको."

आठवड्याने सभागृहात सत्तेचाळीस आले. त्याच दिवशी आईचा घसा बसला. मुलीने गुळण्यांना पाणी तापवून दिलं आणि सहज म्हणून, सरावासाठी घरी आणलेला मापक आईसमोर धरला. एरवी अडुसष्ट भरणारा आवाज चौसष्ट भरला.

पुढच्या आठवड्यात मुलगी बावन्न, आई एकोणसाठ. बेरीज दर वेळी एकशे अकरा. डेसिबलची अशी बेरीज करत नाहीत, हे मुलीला ठाऊक होतं. तरी तिने ती वहीत मांडली आणि वही दप्तराच्या तळाशी सारली.

डॉक्टर म्हणाले, स्वरतंतू ठणठणीत आहेत. बसस्थानकावर आईला माइकपुढून उठवून सामानाच्या खोलीत बसवलं.

"मी सराव थांबवू का?" मुलीने विचारलं.

"वेडी आहेस का?" आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "घरात एकीचा तरी आवाज ऐकू येऊ दे."

मुलीने वहीबद्दल सांगितलं नाही. साठावर थांबायचं, एवढं मनाशी ठरवलं.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक शेवटच्या रांगेत बसले. सर त्यांच्या शेजारी मापक घेऊन उभे होते. तिसऱ्या वाक्याला त्यांनी अंगठा वर केला. साठ झाले होते.

तेवढ्यात परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि ते पुढे झुकून ऐकू लागले. तिच्यासाठी आजवर कोणी असं झुकलं नव्हतं.

ती थांबली नाही.

"एकोणऐंशी!" सर नंतर म्हणाले. "अगं, हा आवाज ठेवला होतास कुठे?"

मापक मागून घेऊन ती घरी गेली.

आईने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. तिने काहीतरी विचारलं, ओठ हलले. मग पुन्हा विचारलं.

मुलीने मापक काढून हातभर अंतरावर धरला, आणि आईला आणखी एकदा विचारायची खूण केली.

आई बोलायच्या आधी बत्तीस. आई बोलत असताना बत्तीस.