दाबून धरलेली कळ

"माझ्या हाताचा खून झालाय," दारातच शिक्षिका म्हणाली. भावोजींनी दचकून तिचे दोन्ही हात पाहिले. चांगले धडधाकट होते.

"यांत्रिक हाताचा," तिनं खुलासा केला आणि तिला रडू फुटलं.

शाळेत भूगोल शिकवणारी ही बाई घरी हौसेनं यंत्रं जुळवायची. पक्षाघातानं वडिलांचे दोन्ही हात लुळे पडले, तेव्हा त्यांना आपलं आपण जेवता यावं म्हणून तिनं वर्षभर खपून एक हात बनवला. तिच्यासारख्याच हौशी मंडळींच्या प्रदर्शनात तो उद्या मांडायचा होता. काल शाळेतून परतल्यावर तो जळालेला सापडला.

वहिनींची उभी नोकरी आगीच्या विमादाव्यांची पाहणी करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्या खासगी तपास करत आणि धाकटे दीर म्हणून भावोजी सोबत असत. गाडी चालवायला, असं वहिनी म्हणत. डोकं चालवायला, असं भावोजी म्हणत.

शिक्षिकेच्या घरी मागच्या खोलीत अजून जळकट वास होता. भिंतीवर पकडी, कात्र्या, हातोडी ओळीनं टांगलेली. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत वडील बसले होते. गालांवर पांढरे खुंट वाढलेले, हनुवटीखाली लालभडक वळ. समोरच्या टेबलावर तो हात, आणि त्याचा चमचा टेबलाच्या कडेखाली वाकून रुतलेला.

"हा चालतो कसा?" वहिनींनी विचारलं.

"बाबांच्या हनुवटीजवळ या दोन कळा आहेत. डावी कुणाला बोलवायच्या घंटेची, उजवी हाताची. कळ दाबून धरली की हात हलतो, सोडली की थांबतो." शिक्षिकेनं डोळे पुसले. "अडकला तर आपोआप बंद व्हायची सोय करायची राहून गेली. माझीच चूक."

वहिनींनी डावी कळ दाबली. स्वयंपाकघरात घंटा खणखणली.

"घंटा शाबूत आहे. वायरीही शाबूत. फक्त खांद्याची मोटर कोळसा झालीय. नीट चालायचा ना?"

"परवा बाबा पहिल्यांदाच पोटभर जेवले, एकटे! मी तेवढ्यात शेजारच्या खोलीत वह्यासुद्धा तपासल्या."

वडिलांची देखभाल करणाऱ्या बाईंना घरात सगळे सिस्टर म्हणत. त्या पदर चाचपत समोर आल्या.

"काल दुपारी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. खाली आले तर धूर. खोलीत बाबांशिवाय कुणीच नव्हतं."

"त्यांच्या हनुवटीला काय लागलंय?"

"सकाळी दाढी करताना... माझाच हात घसरला."

मग शिक्षिकेचा मोठा भाऊ आला. तो चढ्या आवाजातच बोलत होता.

"हे असले खेळ करण्यापेक्षा बाबांना चांगल्या शुश्रूषागृहात ठेवू, असं मी कधीचा सांगतोय. म्हणून मी ते जाळलं म्हणता? काल दुपारी मी आलो होतो, पण सिस्टरनं मला खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. बाबा झोपलेत म्हणाली. दार लोटलेलं होतं. वास कसला, तर म्हणे इस्त्रीचा! आणि या सिस्टरचं काम बघा. आठवडाभर त्यांच्या दाढीला हात लागलेला नाही."

भावोजी ताडकन उठले. इतका सरळ धागा आजवर कधी हाती आला नव्हता.

"सिस्टर, तुम्ही धडधडीत खोटं बोललात! गच्ची खोटी, दाढी खोटी. तो हात चालू झाला की तुमची गरज संपणार, म्हणून तुम्हीच तो जाळलात!"

सिस्टरनी फक्त वडिलांकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. खुर्चीतून घशातल्या घशात एक आवाज आला. भावोजींना तो संतापाचा वाटला.

"भावोजी," वहिनी हळू म्हणाल्या, "खोटं तुम्ही बरोबर पकडलंत. पण ते कुणासाठी बोललं गेलं, हे विचारलं नाहीत."

"ज्याला हे यंत्र मोडायचंय, त्याच्यासमोर भिंतभर हत्यारं टांगलेली आहेत. एक घाव पुरे. तरी मोडणाऱ्यानं चमचा टेबलाखाली अडकवला आणि मोटर जळेस्तोवर कळ दाबून धरली. असं कोण करेल? ज्याला हातोडी उचलता येत नाही तो. खुर्चीपाशी धूर झाला, घंटा हनुवटीशी होती, तरी ती वाजल्याचं कुणीच सांगत नाही. दाढी झाली नाही, तरी हनुवटीखाली वळ आहे. सिस्टरनी ते पाहिलं, आणि दार लोटून घेतलं."

शिक्षिका वडिलांकडे वळली. "बाबा? इतकं वाईट होतं का ते?"

वडिलांच्या ओठांची खूप धडपड झाली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"चांगलं... होतं. फार... चांगलं." डोळ्यांतलं पाणी खुंटांत मुरत होतं. "तू... उठून गेलीस."

तिनं तोंडावर हात घेतला.

"बाबा, मला सुटायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी करतेय असं जगाला सांगत होते, स्वतःलाही. घास भरवताना मी घड्याळ बघायचे."

"दिसायचं," वडील म्हणाले. "मला... माफ कर."

"तुम्ही कशाला माफी मागता?"

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. शुश्रूषागृहाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

भावोजींना तिथं उभं राहवेना. ते बाहेर आले. सिस्टर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. भावोजींनी घसा खाकरला, पण मनात जुळवलेली वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली.

"मी चुकलो, सिस्टर. चारचौघांत तुम्हाला नाही नाही ते बोललो. तिथंच का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? दारातून पाहिलं तेव्हा त्यांची मान थरथरत होती. त्यांनी मला पाहिलं, आणि कळ सोडली नाही. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतः ठरवून केलेली ती पहिलीच गोष्ट. माझ्यानं अडवलं गेलं नाही." त्यांनी नाक पुसलं. "पण ताईंची वर्षभराची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत जळाली, ते काही मनातून जात नाही."

भावोजी परत वर जायला वळले, तसा सिस्टरनी त्यांच्या बाहीला हात लावला.

"इतक्यात नको. बोलू दे दोघांना."

भावोजी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.