एकोणशंभर

गाडीची तक्रार साधी होती. सपाट रस्त्यावर एसीची हवा तोंडावर यायची. चढ लागला की ती समोरच्या काचेकडे वळायची आणि चढ संपला की पुन्हा तोंडावर. सोबतीला डॅशबोर्डच्या मागून बारीक 'सुस्स' असा आवाज.

"रुसते ती," मुलगी म्हणाली. "चढ दिसला की तोंड फिरवते. परवा सकाळी निघायचंय मला, बाबा. सामान पुढे गेलंय, खोल्यांची किल्ली हातात आलीय. तीन तासांचा घाट आहे, तेवढं बघा म्हणजे झालं."

तिची बदली झाली होती. सोबत माझी नातही जाणार होती. नात सहा वर्षांची, समोरचे दोन दात पुढे आणि सारखं काहीतरी कुरतडत बसायची सवय, म्हणून तिला आम्ही खारू म्हणायचो.

मोटार दुरुस्तीच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अजून माझी हत्यारं आहेत. मी गाडी आत घेतली आणि डॅशबोर्डचा कप्पा स्क्रू काढून बाजूला ठेवला. खारू शेजारच्या सीटवर मांडी घालून बसली. तिला काहीही करताना पाहायचं असेल, तर आधी ते समजावून सांगावं लागतं.

"इंजिन सतत हवा आत ओढत असतं," मी म्हणालो. "ती ओढ या बारीक नळ्यांतून इकडे येते. इथे छोट्या डब्या आहेत. डबीत रबराचा पडदा असतो. ओढ लागली की पडदा मागे सरतो आणि हवेचं दार उघडतं. एक दार पायाकडे, एक तोंडाकडे, एक काचेकडे."

"आणि ओढ संपली तर?"

"तर सगळी हवा आपोआप काचेकडे जाते. बनवणाऱ्यांनी विचार केला, की बाकी सगळं बिघडलं तरी चालवणाऱ्याला पुढचं दिसायला हवं."

"शहाणे होते," खारू म्हणाली.

चढावर इंजिनाची ओढ कमी होते. तेवढ्या वेळासाठी ती साठवून ठेवणारा एक गोळा असतो आणि त्याच्या तोंडाशी एकाच दिशेला उघडणारी झडप. झडप तरी खराब असणार, नाहीतर कुठेतरी नळीला चीर. मी खारूला हातभर रबरी नळीचा तुकडा दिला आणि आमच्या शाळेतली युक्ती शिकवली. एक टोक कानात धरायचं, दुसरं नळ्यांवरून हळूहळू फिरवायचं. जिथे सुस्स मोठं होईल तिथे गळती.

इंजिन चालू केलं. जीभ दातांत धरून ती नळी फिरवू लागली. पांढऱ्या नळीपाशी थांबली.

"आजोबा, हे सुस्स नाहीये. कोणीतरी मोजतंय."

"काय मोजतंय?"

"आकडे. अठ्ठावीस म्हणाला आणि अडकला. आता परत एकपासून."

मला हसू आलं. गेले दोन महिने आमचं हेच चाललं होतं. खारूला सगळे आकडे यायचे, फक्त नऊवाले अडायचे. अठ्ठावीसनंतर ती छताकडे बघत बसायची. मग मी तिला सांगितलं, एकोण म्हणजे एक उणा. तिसाला एक उणा तो एकोणतीस, चाळिसाला एक उणा तो एकोणचाळीस. एकदा नियम कळल्यावर ती एकोणनव्वदपर्यंत धाडधाड गेली. नव्व्याण्णव मी मुद्दाम मागे ठेवला होता. आधी नियम पक्का होऊ द्यावा, अपवाद नंतर सांगावा, ही माझी पद्धत.

मी नळी कानाला लावली. नुसतं सुस्स. पण एकसारखं नव्हतं, तुटक तुटक होतं.

इंजिन बंद केलं आणि हातपंप जोडला. हा पंप पिस्तुलासारखा दिसतो. दाबला की हवा ओढतो आणि त्यावरच्या तबकडीची सुई किती ओढ धरली ते दाखवते. सुई वीसवर नेली. सुई टिकली तर नळी चांगली, पडली तर गळती. यात तिसरं काही नसतं.

सुई पडली नाही आणि टिकलीही नाही. ती थरथरली. पुन्हा थरथरली. दोन थरथरींमध्ये सारखंच अंतर, डोळे मिटून मोजणारं मूल जेवढं ठेवतं तेवढं. सवयीने मीही मोजू लागलो. अठ्ठाविसाव्या थरथरीनंतर सुई थांबली, थोडा वेळ तशीच राहिली आणि एकदम शून्यावर आली.

पुन्हा पंप मारला. पुन्हा अठ्ठावीस.

"एकोणतीस," खारू नळीच्या टोकाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली. "एकोण म्हणजे एक उणा. कळलं?" अडलेल्याला हसायचं नाही, हळू आवाजात सांगायचं, हे मीच तिला शिकवलेलं.

मी आणखी एकदा पंप मारला. या वेळी सुई अडतिसाव्या थरथरीनंतर थांबली.

झडप उलटसुलट फुंकून पाहिली. ती दोन्ही बाजूंनी हवा सोडत होती, म्हणजे दोष सापडला. सुईचं थरथरणं हा त्या झडपेचाच काहीतरी प्रकार असणार, असं मी मनाला सांगितलं. शिकवताना मी 'काहीतरी प्रकार' हे शब्द कुणालाही वापरू देत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झडप आणायला गेलो. परत आलो तेव्हा खारू गाडीत एकटी बसली होती. नळी कानात, हातपंप मांडीवर.

"अठ्ठ्याऐंशीपर्यंत आला," ती म्हणाली. "एकोणनव्वद पण सांगितलं. हुशार आहे, हा डाव संपेपर्यंत विसरणार नाही म्हणाला."

"कोण आहे तो?"

"माहीत नाही. लपाछपी खेळतोय ना. किती दिवस त्याच्यावरच राज्य आहे. शंभर होतच नाहीत त्याचे."

"आणि शंभर झाले की?"

"मग शोधायला येईल."

"कोणाला?"

खारूने माझ्याकडे बघितलं. मी कधी नव्हे ते वेडगळ प्रश्न विचारला होता. "मला. मीच म्हणाले, मी लपते."

मी तिच्या हातातून नळी घेतली. तेवढ्यात तिने विचारलं, "आजोबा, अठ्ठ्याण्णवनंतर एकोणशंभर ना?"

मुलाचा प्रश्न मी कधी टाळला नाही आणि कधी चुकीचं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी मी म्हणालो, "हो. एकोणशंभर."

दिवसभर काम केलं. झडप बदलली. गोळा बदलला. पांढरी, निळी, पिवळी, एकूण एक नळी बदलली. जुन्या नळ्या पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. सुई वीसवर नेली आणि समोर स्टूल घेऊन तासभर बसलो. सुई केसभरही हलली नाही. तासाभराने मला स्वतःचीच लाज वाटली.

तरी मी मुलीला म्हणालो, "खारूला या गाडीतून नेऊ नकोस. मी तिला बसने घेऊन येतो."

"का? आता काय निघालं?"

मी सांगितलं. सांगताना माझे शब्द मलाच पोकळ वाटत होते. ती ऐकून घेत होती, पण तोंडाशी हसू आलं होतं.

"बाबा, तिने तुम्हाला गुंडाळलंय. तिच्या उशीखाली राजा राहतो, तो ओळखीचा झाला का तुमच्या?" मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "आम्ही जाणार म्हणून तुम्हाला करमत नाहीये. कळतं मला. चला, टेकडीवर चक्कर मारून येऊ. तुम्हीच खात्री करा."

तासभर स्थिर राहिलेली सुई मी पाहिली होती. मी बसलो. हातपंपाची नळी नव्या नळीला जोडून तबकडी मांडीवर घेतली. खारू मागे बसली, आईचा मोठा कोट पांघरून. ऊन उतरायला लागलं होतं.

सपाट रस्त्यावर सगळं ठीक. चढ लागला. इंजिन घोगरं झालं. हवा तोंडावरच राहिली.

"बघा," मुलगी म्हणाली. "उगाच घाबरवत होतात."

सुई थरथरली.

मी तिच्यावर बोट ठेवलं, जणू काचेवरून ती दाबता येणार होती. ती थरथरत राहिली, त्याच अंतराने. अठ्ठावीसवर थांबली नाही. अडतीसवर नाही. मी मोजत होतो आणि मनातल्या मनात चूक व्हावी म्हणत होतो.

"गाडी परत फिरव," मी म्हणालो.

"इथे? वळण संपू दे."

हवा तोंडावरून निघाली आणि काचेवर गेली.

नव्वद. एक्याण्णव. मी आरशात पाहिलं. खारूच्या कानात नळीचा तुकडा होता. मी कचऱ्यात टाकलेल्या जुन्या पांढऱ्या नळीचा. दुसरं टोक तिने पुढच्या दोन सीटांमधल्या, मागे हवा सोडणाऱ्या जाळीत खुपसलं होतं.

"खारू, ती नळी काढ."

"थांबा ना, आजोबा."

अठ्ठ्याण्णव. सुई थांबली. शून्यावर आली नाही. नुसती थांबली, वाट पाहत असल्यासारखी.

"अडकला," खारू म्हणाली. मग जाळीशी वाकून, हळू आवाजात, "एकोणशंभर."

सुई हलली नाही.

मी श्वास सोडला. आयुष्यात शिकवलेली एक चूक कामाला आली होती.

"एकोणशंभर काय ग?" मुलगी वळण घेता घेता हसत म्हणाली. तिलाही मीच शिकवलं होतं. "नव्व्याण्णव. तिथे एकोण लागत नाही. आजोबांनी सांगितलं नाही?"

सुई थरथरली.

मग आणखी एकदा.

सुस्स थांबलं. वळणापुढे रस्ता रुंद होता. मी ओरडलो असणार, कारण मुलीने गाडी कडेला घेऊन किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

डॅशबोर्डच्या मागे एक दार उघडलं. टक. पायाकडचं. ते मिटलं.

मग तोंडाकडचं. टक.

मग काचेकडचं. घाई नव्हती. कुणी खोलीतली कपाटं एकेक उघडून पाहावीत तसं.

"बाबा, हे कसं काय?" मुलगी म्हणाली.

मग आमच्या दोघांच्या मधल्या जाळीमागे टक वाजलं. तिथे दार नसतंच. मी मागे वळलो. खारू कोटाखाली शिरली होती. कोट पूर्ण सपाट दिसत होता.

मी सीटवरून वाकून कोट ओढला.

खारू होती. अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन. केस विस्कटलेले, गाल लाल. ती आमच्याकडे बघून हसली. मी तिचे हात धरले. हात गरम होते, खरे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सापडले," ती म्हणाली.

"सापडलीस बाई," मुलगी म्हणाली. "झाला खेळ?"

"नाही. आता माझ्यावर राज्य."

तिने तळहातांनी डोळे झाकले आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. स्पष्ट, सावकाश, मी शिकवलं होतं तसं. मुलीने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, हवा आमच्या तोंडावर आली. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

ती थांबली. हात खाली घेतले आणि छताकडे बघत राहिली.

"एकोणतीस, खारू," तिची आई म्हणाली. "एवढ्यात विसरलीस?"

खारूने एकपासून पुन्हा सुरुवात केली.

मी खाली पाहिलं. मांडीवरची सुई थरथरायला लागली होती. मी मोजत गेलो. अठ्ठावीसवर ती थांबली नाही. एकोणतीस, तीस, एकतीस. एकदाही न अडता ती धाडधाड पुढे चालली होती.