मेणातला तुकडा

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीला प्रयोगशाळेत ताई आणि डॉक्टर दोघंच उरले होते. रुग्णाच्या शरीरातला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे पातळ काप काचेवर घेऊन डॉक्टरांना द्यायचे. बावीस वर्षांत या कामावर तिचा हात बसला होता. आज सात नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या गर्भपिशवीचा तुकडा होता. पाळी जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांच्या अंगावरून जात होतं. लाजेपायी चार महिने त्यांनी सुनेला ताकास तूर लागू दिली नव्हती.

पहिल्याच कापात टीबी दिसला. डॉक्टरांना हायसं वाटलं, शिवाय भूकही लागली होती.

"सापडलं एकदाचं कारण! गोळ्या द्या, संध्याकाळी घरी सोडू," म्हणत ते जेवायला गेले.

टीबी सापडला की पुढे कापायचं नाही, ही इथली जुनी रीत. ताईनं ठोकळा ठेवायला उचलला, तेवढ्यात बाकावर कुणीतरी खोकलं.

एक म्हातारी बसली होती. तिच्या अंगाला वितळलेल्या मेणाचा वास येत होता.

"रिपोर्ट तीननंतर मिळतात, आजी."

"पोरी... अजून खाली काप..."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"माझ्या वेळी थांबलीस... हिच्या वेळी नको गं..."

ताईनं डोळे मिटून उघडले. बाक रिकामा होता. मग मात्र तिनं विचार केला नाही, कापतच गेली. खोलवरचा काप रंगवून तिनं डॉक्टरांना अर्ध्या जेवणावरून उठवून आणलं.

काचेकडे बघताच त्यांचा चेहरा उतरला. "कॅन्सरही आहे... टीबीच्या आड लपलेला. आजींना सोडू नका. वेळेत कळलं, अजून आशा आहे."

ताईला रडूच कोसळलं. पण ती म्हातारी कोण? मग आठवलं. गेल्या वर्षी नुसता टीबी म्हणून घरी पाठवलेली, दोन महिन्यांत गेलेली एक बाई. डॉक्टर वळताच ताईनं कपाटातला जुन्या ठोकळ्यांचा खण उघडला.

त्या बाईचा ठोकळा तडकला होता. ताईनं त्यात नखाएवढा तुकडा बसवला होता. आता त्यानं सगळं मेण व्यापलं होतं, कडेनं ओला, लालसर... अजून वाढत असलेला.

तिनं खण पुरता ओढला. आणखी अकरा ठोकळे तडकले होते. प्रत्येकावर तिच्याच अक्षरात 'टीबी' लिहिलं होतं.