निघताना म्हणायचा शब्द

वर्तकनगरच्या त्या खाजगी फॉरेन्सिक लॅबमध्ये पोलीस मोबाइल घेऊन येत, आणि चहा निवायच्या आत तिथली तपासनीस दक्षता त्याच्या मालकाला ओळखून टाकी. कुणी मैत्रिणीचा नंबर ‘गॅसवाला’ नावाने ठेवलेला, कुणी देवांच्या फोटोंखाली भलतंच दडवलेलं. माणसं खोटं बोलतात, फाईल बोलत नाही. एवढाच तिचा धर्म.

कुणी आत आलं की वाजणाऱ्या दाराने टिट टिट केलं. हवालदार काळुराम रिपोर्ट न्यायला आले होते.

“झाला का मॅडम? दुपारी कल्याण कोर्टात द्यायचाय. आज हितेशचा जामीन आहे.”

हितेशची बायको सगुणा, डोंबिवलीच्या खाडीकाठची कोळीण, घरातून निघाली ती गेलीच. संशय नवऱ्यावर. त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती: सगुणाने त्याला पाठवलेला व्हॉइस मेसेज. मागे पाण्याची खळखळ, आणि दोन शब्द. “मी जाते.”

“आमच्यात बाई नळावर गेली तरी ‘येते’च म्हणते,” काळुराम म्हणाले. तेही त्याच गावचे. “जाते म्हणाली म्हणजे ठरवून गेली. पोरगा सुटतोय बघा.”

स्वतः काळुरामही या लॅबमधून ‘येतो, मॅडम’ म्हटल्याशिवाय कधी हलले नव्हते. “नका येऊ, माझं काम वाढतं,” दक्षता चिडवायची. “न म्हणता निघायचं ते फक्त मयताच्या घरून,” ते गंभीरपणे सांगायचे.

सहीआधी खात्री म्हणून तिने फाईल लावली.

“मी येते.”

दक्षताचं पेन थांबलं.

“परत लावा,” काळुराम म्हणाले.

“मी येते.”

“पोलीस ठाण्यात मी ह्या कानांनी ‘जाते’ ऐकलंय.”

“मीही काल तेच टाइप केलंय.”

तिने हॅश तपासला. हॅश म्हणजे फाईलचा अंगठाच. आत कणभर काही हललं, तर ठसा वेगळा उमटतो. पोलिसांपुढे पहिल्या दिवशी घेतलेला आणि आत्ताचा, दोन्ही ठसे अक्षरन् अक्षर सारखे.

“फाईल बदललेली नाही,” ती म्हणाली.

“मग काय बदललंय?”

 ‘येते’ म्हणजे सगुणा परतणार होती. मग तिला येऊ दिलं नाही कुणी? एका शब्दाने हितेश आत जाणार होता, एका शब्दाने बाहेर येणार होता, आणि सही दक्षताची.

“लिहा की जे ऐकलं ते,” काळुराम हळूच म्हणाले.

“काल ऐकलं ते, की आज?”

‘जाते’ खोडून, शब्दाची जागा कोरी ठेवून तिने रिपोर्ट पुन्हा छापला.

तिने कपाटातली सीलबंद मूळ प्रत काढली, काळुरामांसमोर सील फोडलं. आवाज वाढवला.

पाणी वाजेना.

त्याजागी एसीची घरघर होती, मध्येच अडखळणारी. डोक्यावरचा लॅबचा एसी तसाच अडखळायचा.

मग फाईलमध्येच टिट टिट.

“आले.” सगुणाचाच आवाज.

दोघांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

दक्षताने पुन्हा हॅश काढला. तोच.

 मग काळुरामांनी टोपी उचलली. रिपोर्ट टेबलावरच राहिला, शब्दाची जागा कोरी. त्यांनी दार उघडलं, क्षणभर अंग चोरून बाजूला झाले, जणू कुणाला वाट देत होते.

आणि काहीही न म्हणता निघून गेले.