आईचे उरलेले पूर्णविराम

दुपारी वाळवंटाकडून वारा सुटला, तशा सिरीननं खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या आणि ती काम उरकायला बसली. काम साधंच होतं. आईच्या जुन्या फोनमधले संदेश तिनं संगणकावर उतरवले होते. बाबांची नजर गेलेली. आई गेल्यापासून वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामकडून ते रोज हे संदेश ऐकत. पण मजकुरात मध्येमध्ये चौकोन आणि न दिसणारी चिन्हं घुसली होती. दर दोन शब्दांनी यंत्राचा पुरुषी आवाज अडखळे.

"राहू दे गं," तिचे बाबा मोख्तार म्हणाले. "तुझी आईसुद्धा अडखळतच बोलायची."

"बाबा, कचरा आहे तो! तुम्हा म्हाताऱ्यांना कचरासुद्धा जपून ठेवायचा असतो."

ऑफिसातला सफाईचा कोड तिनं तसाच चालवला. साधी लॅटिन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, रिकाम्या जागा ठेव. बाकी सगळं काढ. इथं स्फाक्स शहरात तिच्या वयाचं कोण अरबी अक्षरांत लिहितं? घरची बोलीसुद्धा सगळे लॅटिन अक्षरांतच टाइप करतात. आई तेवढी ते कधी शिकली नाही; ती अरबी अक्षरांतच लिहायची.

हे आठवलं, तेव्हा कोड मूळ फाइलवरूनच फिरून गेला होता. फोन तर सकाळीच पुसून तिनं आतेभावाला देऊन टाकला होता. आईचे शब्द गेले. उरल्या रिकाम्या जागा आणि पूर्णविराम.

"झालं ना? लाव की," बाबा म्हणाले.

खरं सांगायला तिची जीभ रेटेना. तिनं लावलं. शांतता... झडपांच्या फटींतून वाळू सरसरत होती. बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले. मग हसले.

"काय... काय ऐकताय?"

"श्श! मध्ये बोलू नकोस." जरा वेळानं ते हळूच म्हणाले, "तुलाच विचारतेय. 'नंतर करते' म्हणून फोन ठेवलास... मग केलाच नाहीस?"

आईच्या त्या शेवटच्या फोनबद्दल सिरीन कुणाशीच बोलली नव्हती. खोलीत संत्र्याच्या फुलांचा वास पसरला. आईच्या कॉफीला यायचा तसा. सगळा जीव कानात आणून ती बसली. तिला काहीच ऐकू येईना.

"बाबा, अजून काय म्हणतेय? सांगा ना..."

"ऐक की तूच! इतकं स्वच्छ तर बोलतेय." त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. "पण बरं केलंस पोरी, त्या बाप्याला घालवून तिचाच आवाज लावलास."

पडद्यावर वाचनाची खूण रिकाम्या जागांवरून सरकत होती... दर दोन शब्दांनी अडखळत, आई बोलायची तशी.