सोमवारचं मटण

"बाई, सहा वाजता पोलीस ह्यांका घेवन जातले!" मालन दारातूनच ओरडली. "माझ्या घोवान राणीक मारूक नाय हो!"

राणी म्हणजे मुलुंडच्या डोंगराखाली एका ट्रस्टनं चालवलेल्या लहानशा प्राणिसंग्रहालयातली बिबळीण. मंगळवारी सकाळी ती पिंजऱ्यात मरून पडलेली सापडली. तिला खाऊ घालणारा एकटा लवू, मालनचा नवरा. मग काय, धरा त्यालाच! चौकशीची अक्कल तेवढीच.

बुधवारचे साडेतीन वाजले होते. खासगी गुप्तहेर नलिनी वर्टी चपला घालून निघालीसुद्धा. मदतनीस श्यामसुंदर अजून चहा फुंकत होता.

फाटकाशी रत्नप्रभाबाई भेटल्या. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, प्राणिसंग्रहालय हटवा म्हणून सह्या गोळा करणाऱ्या.

"पोरांना दाखवायला झकास, पण शेजार नको गं बाई! दर सोमवारी रात्रभर नुसती गुरगुर."

"आणि इतर दिवशी?"

"तशी गप्प असायची."

मग खंडू खाटीक. तो भडकलाच. "माझ्या मटणात विष? मंगळवार ते रविवार ताजा माल आणतो. लवूदादा वजन करून घेतो, विचारा त्याला!"

शेवटी व्यवस्थापक शिवदास. पंधरा दिवसांपूर्वी ट्रस्टच्या अंधेरीच्या बागेतून बदलून आलेला. नाकाला रुमाल.

"पिंजऱ्यांकडे मी फिरकत नाही, वास सोसवत नाही. पण सोमवारी चारला लवूनं मटण आत सरकवलं, ते खिडकीतून मी स्वतः पाहिलं. मंगळवारी सकाळीच तसं लिहून दिलंय पोलिसांना."

"ताई, लवूचं काही खरं नाही," श्यामसुंदर पुटपुटला.

"तू गप रे."

सहाला दहा कमी. लवू रिकाम्या पिंजऱ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मालन त्याची बाही सोडत नव्हती. जीप आली, इन्स्पेक्टर उतरले.

"साहेब, पोटात काय निघालं?" नलिनीनं विचारलं.

"मटण, आणि त्यात विष. डॉक्टरांचा रिपोर्ट तासाभरापूर्वीच आला."

"मग ऐका. जंगलात बिबळ्याला रोज शिकार मिळत नाही, म्हणून पिंजऱ्यातही आठवड्यातून एक दिवस त्याला उपाशी ठेवतात. राणीचा तो दिवस सोमवार. त्या दिवशी खंडू येत नाही. भुकेनं ती रात्रभर गुरगुरते आणि रत्नप्रभाबाई जागतात. लवूकडे सोमवारी मटण होतंच कुठे?"

शिवदासचा रुमाल खाली आला. "म्हणजे... दिवस चुकला असेल माझा."

"दिवस चुकला, मग मटण कसं बरोबर आलं? मंगळवारी सकाळी ती कशानं मेली हेच कुणाला ठाऊक नव्हतं. साप चावला असेल, आजार असेल. तुम्ही मात्र मटण म्हणून लिहून मोकळे! विषाचं मटण तुम्हीच घातलंत. पिंजऱ्यांकडे कधी फिरकला असतात, तर हा उपास तुम्हाला कळला असता."

शिवदासनं हात जोडले. "मला परत अंधेरीच्या बागेत जायचं होतं हो! एक जनावर मेलं, बोंबाबोंब झाली, की हे बंद करतील, असं वाटलं."

"अरे, तू बोलला का नाहीस?" इन्स्पेक्टर लवूवर खेकसले.

"साहेबान काय लिवन दिल्यान, ता माका कोणी सांगूकच नाय."

शिवदासला जीपमध्ये बसवलं. मालन रडता रडता हसत होती. "सुटलात ओ! उठा, घराक चला."

लवू उठला नाही.

"पिल्लू होती तेव्हा माणूस दिसलो की कोपऱ्यात पळायची," तो म्हणाला. "माणसाच्या हातचा खावक तिका मियाच शिकयलंय."